सव्वा दहा

माझ्या दुकानात नोव्हेंबरपासून एक निळी जर्सी टांगून आहे. पाठीवर वीतभर उंचीचा १० आणि त्याच्या वर चार इंग्रजी अक्षरं: एस, ए, व्ही, ए. येणारं प्रत्येक गुजराती गिऱ्हाईक मान वाकडी करून वाचतं आणि विचारतं, "काका, आ सवा दस शुं छे? दुकान खोलवानो टाइम?" आम्ही साडेदहाला उघडतो, म्हणजे तेही खोटंच.

ती जर्सी ही माझी चूक आहे. तीनशे ऐंशी रुपयांची.

आमचं दुकान दांडिया बाजारातल्या एका गल्लीत. आजोबा साताऱ्याकडून बडोद्याला आले ते ब्रश घेऊनच. वकिलांच्या, वैद्यांच्या, भांड्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मराठी, गुजराती, इंग्रजी, मोडी, म्हणाल ती लिपी. वडिलांनी, म्हणजे नानांनी, त्यात कापडी फलक आणि गणपतीचे देखावे वाढवले. फ्लेक्स आला आणि आमचा ब्रश बसला. मग मी हीट प्रेस आणि कटिंग प्लॉटर घेतला, आणि गेली सोळा वर्षं जर्सीवर नावं चिकटवतोय. आजोबा माणसांची नावं दारावर लिहायचे, मी पाठीवर लिहितो. धंदा तोच.

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये कामाला उसंत नव्हती. २ तारखेला नवी मुंबईत आपल्या बायकांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या संघातली राधा यादव बडोद्याकडून खेळणारी, म्हणजे गावाला जास्तच आनंद. पुढचे दहा दिवस नुसतं "स्मृती १८, स्मृती १८". एरवी माझ्याकडे विराटसाठी १८चे आकडे आधीच कापून ठेवलेले असतात, त्यामुळे स्मृतीचं काम फार सोपं गेलं. नाव तेवढं बदलायचं. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

त्या गर्दीत एक दुपारी आठवीतली असावी अशी मुलगी आली. दप्तर पाठीवर, केसांची घट्ट वेणी, गुडघ्यावर जुनी खपली.

"काका, जपानची जर्सी होईल?"

"साधी निळी आहे. डॉटनिट कापडाची. नाव काय टाकायचं?"

"सावा. नंबर दहा."

एवढं बोलून अ‍ॅडव्हान्स ठेवून गेली, बाहेर रिक्षावाले काका हॉर्न वाजवत होते. मी चिठ्ठीवर सवयीनं देवनागरीत लिहिलं, "सावा १०". रात्री कापायला बसलो तेव्हा बोटांनी आपोआप व्ही दाबला. वडोदऱ्याला व्ही, विश्वामित्रीला व्ही. आमच्या गावात व म्हणजे व्हीच. प्लॉटर अक्षरं उलटी कापतो, आरशात दिसतात तशी, त्यामुळे कापताना चूक डोळ्याला चटकन दिसत नाही. जास्तीचं विनाइल, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, चिमट्यानं सोललं, दीडशे डिग्रीवर पंधरा सेकंद दाबलं, झालं. एकदा दाबलं की ते अक्षर त्या कापडाचं. काढायला गेलात तर गोंदाचा डाग राहतो, आणि डाग नाही राहिला तर छाप राहतेच.

दुसऱ्या दिवशी तिनं जर्सी उलगडली, पाहिली, घडी घातली आणि हळूच म्हणाली, "डब्ल्यू पाहिजे ने, काका."

ओरडली असती तर बरं वाटलं असतं. आमच्याकडे मेस्सीचा एक एस कमी पडला तर बाप लोक भांडायला येतात. ही नुसती उभी राहिली. मी माफी मागितली, नवीन करून देतो म्हटलं, आणि प्रेस तापेपर्यंत विचारलं, हा सावा कोण? "ही," ती म्हणाली. आणि आईचा मोबाइल काढून एक क्लिप दाखवली.

फुटबॉलची क्लिप, असेल पंधरा सेकंदांची. डाव्या कोपऱ्यातून कॉर्नर येतो. निळ्या जर्सीतली एक बाई गर्दीतून निसटून पुढच्या खांबाकडे धावते आणि गोलकडे जवळजवळ पाठ करून, उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेनं चेंडूला असा काही चाटून स्पर्श करते की तो मागे जाऊन जाळ्यात. मी तीन वेळा पाहिलं आणि मला तिन्ही वेळा कळलं नाही. तिची पाठ मात्र स्वच्छ दिसली. १०, आणि वर चार अक्षरं, डब्ल्यूसकट.

त्या रात्री जेवण झाल्यावर सहज शोधलं ते दोन वाजेपर्यंत शोधतच राहिलो. बायको म्हणाली, "अमेरिकेच्या निवडणुकीचे निकाल लागलेत का?"

होमारे सावा. जन्म १९७८चा, तोक्योजवळच्या फुचूचा. ती पंधरा सेकंदं म्हणजे १७ जुलै २०११, फ्रँकफर्ट, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, अमेरिकेविरुद्ध, ११७वं मिनिट. जपान त्या सामन्यात दोनदा मागे पडलं आणि दोनदा बरोबरीत आलं. पहिल्यांदा ८१व्या मिनिटाला आया मियामानं गोल केला, दुसऱ्यांदा मियामाच्याच कॉर्नरवर हिनं. २-२. मग पेनल्टीवर ३-१. गोलकीपर अयुमी काइहोरीनं दोन पेनल्टी अडवल्या, त्यातली एक तर आडवी पडता पडता पायानं. सीनियर गटातला फुटबॉलचा विश्वचषक जिंकणारा आशियातला तो पहिला देश; पुरुषांना आजवर जमलेलं नाही. सावाला त्या स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वाधिक गोल, दोन्ही पुरस्कार. आपल्याकडे तेव्हा १८ तारीख उजाडली होती, पहाटेचे तीन वाजायला आले असणार. मी झोपलो होतो. अख्खं बडोदं झोपलं होतं.

जग जागं होतं, कारण त्या सामन्याच्या शेवटी ट्विटरवर एका सेकंदाला ७,१९६ संदेश पडत होते, तोवरचा विक्रम. त्याच दिवशी कोपा अमेरिकेत ब्राझीलचे पुरुष पॅराग्वेकडून पेनल्टीवर हरले, तेव्हा ७,१६६ पडले. तीसनं मागे राहिला ब्राझील! हे वाचून मला का आनंद झाला माहीत नाही, पण झाला. विक्रम काही टिकला नाही. ऑगस्ट संपायच्या आत एका गायिकेनं पुरस्कार सोहळ्यात गोड बातमी दिली आणि आकडा पार पुढे गेला.

सावा निवृत्त झाली २०१५मध्ये. आणि अजूनही कुठल्याही समाजमाध्यमावर तो गोल कुणीतरी टाकतं आणि खाली रांग लागते. पोर्तुगीज, अरबी, थाई, हिंदी, मी काही वाचू शकलो, काहींचे नुसते बदाम पाहिले. "हे पायानं केलं?" हा प्रश्न सगळ्या भाषांत सारखाच दिसतो. आपल्या आठवीतल्या मुलीचा तर तेव्हा जन्मही व्हायचा होता. तिच्यासाठी सावा ही खेळाडू नाहीच, पंधरा सेकंदांचा एक चमत्कार आहे, जो बोटानं वर सरकवला की पुन्हा होतो.

माझं म्हणणं असं आहे की ही लोकप्रियता खरी आहे, पण ती पुढच्या खांबाजवळच अडकून बसली आहे. कॉर्नर घ्यायला जे लांबून यावं लागतं ते त्या क्लिपमध्ये येत नाही.

म्हणजे बघा. ही बाई बाराव्या वर्षी जपानच्या महिला लीगमध्ये उतरली. पंधराव्या वर्षी, डिसेंबर १९९३मध्ये, देशाकडून पहिला सामना खेळली फिलिपिन्सविरुद्ध आणि पहिल्याच सामन्यात चार गोल. मग सहा विश्वचषक, १९९५ ते २०१५. चार ऑलिंपिक. २०५ सामने, ८३ गोल. मधे अमेरिकेत व्यावसायिक खेळायला गेली, तर २००३मध्ये तिथली लीगच बंद पडली. पुन्हा गेली २००९मध्ये, दुसऱ्या लीगमध्ये. तीही पुढे बंद पडली. सावाच्या बऱ्याच सहकारी तेव्हा दिवसा कुठेतरी अर्धवेळ नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सराव.

त्यातली एक, कारिना मारुयामा. तिचा क्लब वीज कंपनीचा होता, आणि ती खेळाबरोबर नोकरी करायची ती फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात. ११ मार्च २०११ला भूकंप आणि त्सुनामी आली, त्या केंद्राचं काय झालं ते जगाला माहीत आहे. चार महिन्यांनी विश्वचषक. उपांत्यपूर्व फेरीत समोर यजमान जर्मनी, आधीचे दोन्ही विश्वचषक जिंकलेला. सामन्याआधी प्रशिक्षक नोरिओ सासाकींनी मुलींना डावपेचांबरोबर उद्ध्वस्त गावांचे फोटो दाखवले. जादा वेळेत, १०८व्या मिनिटाला, एकमेव गोल झाला. सावाच्या पासवर. करणारी मारुयामा.

हे वाचताना मला २६ जानेवारी २००१ आठवली. आम्ही झेंडावंदनाहून परतलो होतो, नाना चहाची बशी तोंडाला लावून, आणि बशीतला चहा हलायला लागला. भुज आमच्यापासून खूप लांब, तरी भिंतीवरचं घड्याळ पडलं. पुढे आठवडाभर नानांनी कापडी फलक रंगवले, "कच्छ भूकंप राहत सामग्री", ट्रकच्या दोन्ही बाजूंना बांधायला. पैसे घेतले नाहीत. अक्षरं मात्र नेहमीसारखी मापात काढली. घाईत असलेल्या माणसानं लांबून वाचायचं असतं, म्हणाले. जपानच्या मुली त्या स्पर्धेत प्रत्येक सामन्यानंतर एक फलक घेऊन मैदानात फिरायच्या: जगभरच्या मित्रांनो, तुमच्या मदतीबद्दल आभार. तो फलक मी मोठा करून पाहिला. अक्षरं बरी आहेत. मध्ये जरा दाटी झालीय.

आता पाठीचं सांगतो, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

२००८, बीजिंग ऑलिंपिक. कांस्यपदकाचा सामना जर्मनीशी. थकलेल्या, घाबरलेल्या धाकट्या मुलींना सावा म्हणाली, असह्य झालं की माझ्या पाठीकडे बघा. जपानमध्ये हे वाक्य म्हणे पोराटोरांना पाठ आहे. सामना मात्र जपान ०-२नं हरलं. मला तेच आवडलं. जिंकल्यावर सांगितलेली वाक्यं आपल्याकडे कॅलेंडरवर ढिगानं असतात.

माझी सोळा वर्षं पाठींवर गेली. पुढे छातीवर बँकेचं किंवा बिल्डरचं नाव असतं, ज्यानं पैसे दिले त्याचं. माणसाचं स्वतःचं नाव मागे. आणि ते त्याला स्वतःला कधी दिसत नाही, मागून येणाऱ्यालाच दिसतं. हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं, एका जपानी बाईमुळे सुचलं, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

बाकी २०११नंतर काय काय झालं ते थोडक्यात. जानेवारी २०१२मध्ये झ्युरिकला तिला जगातल्या सर्वोत्तम महिला फुटबॉलपटूचा पुरस्कार मिळाला, पुरुषांमध्ये मेस्सी. ती किमोनो नेसून गेली होती, मेस्सी मरून कोटात. दोघांचा एकत्र फोटो आहे आणि त्यात कोण भारी दिसतंय यावर आमच्या घरी एकमत आहे. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकला जाताना विमानात जपानच्या पुरुषांचा संघ पुढे बिझनेस क्लासमध्ये आणि विश्वविजेत्या बायका मागे. सावा पत्रकारांना म्हणाली होती की हे उलटं हवं, निदान वयानं तरी आम्हीच मोठ्या. बायका रौप्यपदक घेऊन आल्या, पुरुष चौथे. येताना बायकांना पुढच्या जागा मिळाल्या. आमच्याकडे लग्नात पंगतीला हेच चालतं, आधी मान्यवर.

आणि तिच्या लीगचे सामने, जिथे आधी मोजकी माणसं असायची, तिथे हजारोंनी लोक लोटले. काही काळ. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला जपान पात्रच ठरलं नाही. व्यावसायिक महिला लीग सुरू व्हायला २०२१ उजाडलं. आणि २०२३चा विश्वचषक जपानमध्ये टीव्हीवर दिसणार की नाही हे स्पर्धेला जेमतेम आठवडा उरेपर्यंत ठरलेलं नव्हतं, हक्कांच्या पैशांवरून घासाघीस. शेवटी एनएचके या सार्वजनिक वाहिनीनं घेतलं. आता सांगा. त्या गोलाखाली बदाम टाकणाऱ्या लोकांनी एक स्टेडियम भरेल की दहा? पण बदाम फुकट आहे. मी माझ्या गिऱ्हाइकांना ओळखतो: "स्मृती १८" घेऊन गेलेल्यांपैकी मोतीबागेवर बडोद्याच्या मुलींचा सामना बघायला किती जण जातील? मी स्वतः गेलोय का? नाही. डिसेंबरात लग्नाचे टी-शर्ट, जानेवारीत उत्तरायणाचे. वेळ कुठे असतो.

मला विचाराल तर तिची दुसरी क्लिप बघा. २७ डिसेंबर २०१५, जपानच्या सम्राज्ञी चषकाचा अंतिम सामना, तिच्या आयुष्यातला शेवटचा. निवृत्ती आधीच जाहीर केलेली. ०-० चाललेलं, ७८वं मिनिट, पुन्हा कॉर्नर, आणि सदतीस वर्षांची बाई उडी मारून डोक्यानं गोल करते. १-०. संपलं. यात पायाची जादू नाही, सरळ हेडर आहे, म्हणून ती क्लिप माझ्यापर्यंत आपणहून आली नाही, शोधावी लागली. पण बावीस वर्षं त्या जागी वेळेवर पोचायची सवय असल्याशिवाय ते हेडर होत नाही.

आईला मी हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तिचं वय ८१. ती म्हणाली, "सावा? सावा म्हणजे भगरीसारखं धान्य ना रे? तुझी आजी उपासाला करायची." मी हसलो. मग धंद्याच्या सवयीनं सावाचं नाव जपानीत कसं लिहितात ते पाहिलं. आडनावाचं एकच अक्षर, त्याला सोळा रेघा. विनाइलमध्ये कापून सोलायचं म्हटलं तर माझा अख्खा दिवस जाईल. अर्थ, पाणथळ जागा. आणि होमारेची दोन अक्षरं: दुसरं आशेचं, पहिलं धान्याच्या कणसाचं. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मी काय वेगळं म्हटलं?"

ती मुलगी उत्तरायणानंतर, जानेवारीच्या शेवटी पुन्हा आली. जर्सी अंगात होती. दहाच्या एकचं टोक सुटलं होतं. आईनं वरून इस्त्री फिरवली असणार, सगळ्या आया फिरवतात. मी ते फुकट दाबून दिलं. टांगलेली सव्वा दहा बघून तिला हसू आलं. "अजून विकली नाही?"

"विकायची नाही."

मग म्हणाली, मार्चमध्ये ऑस्ट्रेलियात महिला फुटबॉलचा आशियाई चषक आहे, भारत आणि जपान एकाच गटात. कुणाकडून, मी विचारलं. "भारताकडूनच ने! पण तिकडच्या पण बघणार." आणि दप्तराची चेन उघड-बंद करत, "काका, अजून एक करायचीय. सरांनी मला मागे घेतलंय. बॅक."

"मग दहा नको?"

"चार. कुमागाई." आणि मी काही विचारायच्या आत, "शेवटची पेनल्टी हिनंच मारली होती, काका. वीस वर्षांची होती तेव्हा. डिफेंडर आहे."

मला माहीत होतं. दोन वाजेपर्यंत जागलो होतो. पण माहीत असल्याचं दाखवलं नाही. अक्षरामागे वीस रुपये पडतात म्हटलं, सात अक्षरं, एकशे चाळीस, जर्सीचे वेगळे. तिनं मनात हिशेब केला, आईला विचारून सांगते म्हणाली, पण अ‍ॅडव्हान्सचे पन्नास तरीही काढून ठेवलेच.

या वेळी मी चिठ्ठी आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. तूच लिही म्हटलं, इंग्रजीत. तिनं पहिलं अक्षर सी काढलं, थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि खोडून के केलं.